इन्सुलिन बंद केलं म्हणजे विश्वास वाढला का?

हे लिहावं की नाही, बरेच दिवस ठरत नव्हतं. घरातली गोष्ट आहे. पण परवा वाडीतल्या एका काकूंनी बीपीच्या गोळ्या सोडल्याचं कळलं, म्हणून लिहितोय.

आम्ही वसईचे कॅथलिक. आईला १५ वर्षांपासून डायबेटिस. गेल्या पावसाळ्यात ती शेजारणीबरोबर एका प्रार्थनासभेला गेली. (कुठल्या ते विचारू नका.) तिथल्या प्रचारकाने सांगितलं, देव बरं करतो म्हणता आणि सुईपण टोचून घेता, मग विश्वास कुठे राहिला? आईने इन्सुलिन बंद केलं. आम्हाला पत्ताच नाही. पाचव्या दिवशी ओकाऱ्या, धाप, शुगर ५०० च्या वर. दोन रात्री आयसीयूबाहेर बसून मी देवालाही नको नको ते बोललो.

घरी आल्यावर आईने विचारलं, "माझाच विश्वास कमी पडला का रे?" शुगरपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

आमच्या फादरांनी तिच्यासमोर बायबल उघडलं. सिराकचं पुस्तक, अध्याय ३८. आजारात प्रार्थना कर आणि वैद्यालाही येऊ दे, दोन्ही एकाच ठिकाणी सांगितलंय. वैद्यही देवाचा, औषधही देवाचंच. प्रोटेस्टंट बायबलमध्ये हे पुस्तक नसतं, पण लूक तर सगळ्यांचाच ना? पौलाच्या पत्रात तो वैद्य म्हणूनच येतो.

मग मीही वाचत बसलो. १३व्या शतकात अ‍ॅरिस्टॉटल युरोपात नव्याने वाचला जाऊ लागला, तेव्हा चर्चसुद्धा बिचकलं होतं. १२१० मध्ये पॅरिसला त्याचे निसर्गावरचे ग्रंथ शिकवायला बंदी आली. थॉमस अक्वायनसने त्यालाच हाताशी धरलं. त्याचं म्हणणं असं की बुद्धी देवाने दिली आणि श्रद्धाही त्यानेच, मग एक दुसरीला खोटं कशी पाडेल? त्रैक्य बुद्धीने सिद्ध करता येत नाही, हेही तो सरळ सांगायचा. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. तो वारल्यावर तीन वर्षांनी, १२७७ मध्ये, पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यातली काही त्याच्या विचारांनाही लागू पडत होती. १३२३ मध्ये त्याच चर्चने त्याला संत केलं!

तेव्हा बोट फक्त त्या प्रचारकाकडे दाखवून चालणार नाही. 'गोळ्या सोडल्या आणि बरा झालो' अशा साक्षींना आपणही टाळ्या वाजवतोच की.

त्या काकूंकडे रविवारी मिस्सा झाल्यावर आई स्वतः जाणार आहे. सिराकचं पान तिने दुमडून ठेवलंय.