इमला

उर्दू शाळेत आम्ही मुलांना इमला देतो. इमला म्हणजे श्रुतलेखन. कानी पडलं तेच कागदावर उतरवायचं. शब्द गाळला की मार्क कापले. हा नियम वर्गाबाहेर पाळणं किती अवघड, ते आम्हाला पोलीस ठाण्यात कळलं.

आमच्या शाळेतले एक तरुण सर संध्याकाळच्या एस.टी.ने घरी निघाले होते. जागेवरून बोलाचाली झाली. मग तिघांनी धर्मावरून शिव्या दिल्या, टोपी काढून पायाखाली तुडवली आणि मारलं. आम्ही त्यांना घेऊन ठाण्यात गेलो. अंमलदारांनी लिहिलं, ‘जागेच्या कारणावरून किरकोळ मारहाण’. एन.सी. झाली. सरांना मराठी नीट वाचता येत नाही, आम्हाला येतं. तरी आम्ही गप्प राहिलो. शिव्या खुद्द सरांनीही सांगितल्या नव्हत्या. म्हणाले, “भाई, ते शब्द तोंडावर कसे आणू?” घरी अब्बा म्हणाले, “सब्र करा बेटा, नोकरीवाले आहात.”

पण दुसऱ्या दिवसापासून आणखी दोघे सर टोपी पिशवीत ठेवून प्रवास करू लागले. त्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं. तेव्हा उमगलं, मार एकाला बसला, धमकी साऱ्या मोहल्ल्याला होती. कागदावर मात्र फक्त मार होता.

भारतीय न्याय संहितेत ‘द्वेषगुन्हा’ नावाचं वेगळं कलम नाही. साधी मारहाण अदखलपात्र. धर्माच्या कारणावरून तेढ वाढवणं, कलम 196, दखलपात्र. कोणतं कलम लागेल ते पोलीस आणि कोर्ट ठरवतील. पण ते शब्दच नोंदवले नाहीत, तर ठरवायचं कशावरून? दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. ठाण्यात नकार मिळाला, तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. हे सारं आम्ही बी.एड. होऊनही त्या आठवड्यातच शिकलो.

तिसऱ्या दिवशी स्टाफरूमचं दार लावून बसलो. तारीख, वेळ, गाडी, कंडक्टरने काय पाहिलं, सारं लिहिलं. न धुतलेली टोपी पिशवीत घातली. शिव्यांपाशी सर थांबले. आम्ही म्हणालो, “सर, शरम बोलणाऱ्याची. तुम्ही फक्त इमला द्या.”

मान खाली घालून ते एकेक शब्द सांगत गेले. आम्ही एकही गाळला नाही. अर्ज वाचून दाखवला, मग त्यांनी सही केली. ठाण्यात पोच घेतली. तिची झेरॉक्स आमच्या कपाटात हजेरीपटाशेजारी आहे.