हात आपले, आराखडाही आपला

टेबल-खुर्चीची नोकरी असताना हात काळे कशासाठी करून घेता, असा प्रश्न समाजबांधव आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत कारकुनी करणारे आणि संध्याकाळी वस्तीतल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे व जात पडताळणीचे अर्ज भरून देणारे. असा माणूस रविवारी विहारातली वंदना आटोपली की नागापूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये लेथ मशीनसमोर उभा राहतो आणि मोटारसायकलचे सुटे भाग स्वतः आखून स्वतः बनवतो, हे अनेकांना चमत्कारिक वाटते. बापाने तेला-ग्रीसमधून बाहेर काढले आणि लेक पुन्हा त्यातच गेला, असे एक वडीलधारे बोललेही. त्यांना उत्तर द्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

आमचे नगर, म्हणजे २०२४ पासूनचे अहिल्यानगर, यंत्रांना अनोळखी नाही. १९७२ साली आलेली लूना इथल्याच कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यात तयार होऊन देशभर गेली. लष्कराच्या गाड्यांची चाचणी घेणारी वाहन संशोधन संस्था इथेच आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या वर्कशॉपमध्ये मोठमोठे लेथ आहेत. मशीनचा आवाज आपल्या वस्त्यांना नवा नाही. त्या मशीनभोवती आपले माणूस कुठे उभे होते, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या कालकथित वडिलांनी एका कारखान्यात आयुष्यभर हेल्परचे काम केले. लोखंडी बार खांद्यावरून मशीनपर्यंत न्यायचे, तयार झालेले जॉब पेटीत भरायचे, मशीनखालचा कीस झाडायचा. कोणत्या जॉबला किती कट घ्यायचा, हे त्यांना नुसते पाहून पाठ झाले होते. पण मशीनचे हँडल त्यांच्या हाती कधी आले नाही. शिकायचे का, असे त्यांना कुणी विचारलेच नाही.

ही एकट्या आमच्या वडिलांची कहाणी नव्हे. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धाग्याला तोंड लावावे लागते म्हणून विटाळ होतो, हे त्याचे कारण. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये आपल्या शेजारच्या मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, वर्कशॉपमध्येही त्याला वरची जागा मिळत नाही, हे बाबासाहेबांनी तिथे उघड करून सांगितले. ओझे वाहायला आपले हात चालत होते, हत्यार धरायला मात्र नाही.

वडिलांनी मागे ठेवली ती एक जुनी राजदूत. घेतली तेव्हाही ती सेकंडहँडच होती. या गाडीचे उत्पादन कधीच बंद झाले. मागचे चाक ज्या चिमट्यात बसते त्या चिमट्याची बुशे झिजली आणि गाडी वळणावर शेपूट हलवल्यासारखी डुलू लागली. बाजारात मिळालेली बुशे ढिली बसत. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, भंगारात घाला आता." तिथून आमची हौस सुरू झाली. नागापूरला आमच्या एका स्नेह्याचे छोटे वर्कशॉप आहे. रविवारी दुपारी त्यांचा लेथ रिकामा असतो. विजेचा खर्च आम्ही देतो, आणि शिकवण्याची फी म्हणून चहा पाजतो.

बूश म्हणजे दिसायला एक साधी नळी. पण ती नळी कारकुनाच्याही डोक्याला काम देते. आधी मापे घ्यावी लागतात. आमच्या गाडीचा शाफ्ट १६.०० मिलिमीटर भरला आणि बूश जिथे बसते ते भोक २२.०० भरले. मग बूश बाहेरून २२.०३ पाहिजे, म्हणजे ते प्रेसने दाबून घट्ट बसते. दाबले की त्याचे आतले भोक किंचित आवळते. म्हणून ते आधी कमी ठेवायचे आणि बूश बसल्यावर रीमर फिरवून १६.०३ करायचे. शाफ्ट आणि बूश यांच्यामध्ये उरते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट फट. तेवढ्यात ग्रीस राहते. फट जास्त झाली तर चाक डुलते, कमी झाली तर शाफ्ट धरतो. ताळेबंदात एक रुपया जुळत नसेल तर झोप न येणाऱ्या माणसाला हे काम परके वाटायचे कारण नाही.

पण केवळ मूळ मापाचे बूश केले असते तर ती नक्कल झाली असती. आपल्याकडचे रस्ते धुळीचे. ही धूळ ग्रीसमध्ये शिरून कानशीसारखी बूश घासते, हे जुने बूश उघडल्यावर दिसत होते. म्हणून आम्ही ग्राफ पेपरवर नवा आराखडा काढला. आत ग्रीस धरून ठेवणारी गोल खाच घेतली, बाहेरच्या कडेला धूळ अडवणाऱ्या रबरी रिंगेसाठी दुसरी खाच घेतली, आणि धातू गनमेटल निवडला. चकमध्ये जॉब सरळ फिरतो का हे पाहायचे, भोक पाडायचे, बोरिंग करायचे, शेवटचा बारीक कट घ्यायचा आणि कडेची बर काढायची. एवढ्यात पूर्ण दुपार जाते. त्या कामात मन दुसरीकडे गेले की माप गेलेच. विहारात भंतेजी ज्या सजगतेबद्दल सांगतात तिचा सराव मशीनसमोरही होतो, असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतर आम्ही फूटरेस्टचे स्पेसर केले, साइड स्टँडची पिन केली आणि गुडघा न वाकणाऱ्या एका उपासकांसाठी किकच्या टोकाला रुंद पट्टी केली. धंदा केला नाही. पैसे घेतले तर हौस राहत नाही, आणि मग घाईही होते.

या छंदाला जगात मोठी परंपरा आहे. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिल गावचे बर्ट मन्रो हे मोटारसायकलची दुरुस्ती आणि विक्री करून पोट भरणारे गृहस्थ. त्यांच्याकडे १९२० सालची इंडियन स्काउट ही अमेरिकन गाडी होती. तिची मूळ गती ताशी ५५ मैल. त्यांनी आयुष्यभर शेडमध्ये बसून तिचे भाग स्वतः बनवले, पिस्टन तर जुन्या डब्यांच्या साच्यात ओतले. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर त्यांनी ताशी १८० मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. मोठा कारखाना, मोठे भांडवल यांशिवायही माणसाची बुद्धी आणि हात काय करू शकतात, याचा तो पुरावा आहे.

मात्र तरुणांनी यातून भलता अर्थ काढू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले आहे. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करायची सोय कायद्यात आहे, पण तीही रीतसर. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा चांगला भाग बसवणे वेगळे आणि गाडीचा सांगाडा कापणे वेगळे. चाकाचा एक्सल, ब्रेक, हँडलचा दांडा हे भाग आम्ही कधीच घरी बनवत नाही. ज्या भागावर माणसाचा जीव आहे, तो तपासून आलेलाच घ्यावा. आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सायलेन्सर काढून गाड्या फोडल्यासारख्या वाजवणे ही कारागिरी नव्हे. त्यात ना बुद्धी लागते, ना बाबासाहेबांचा मान राहतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वतनाच्या काळात आपल्या आजोबा-पणजोबांच्या हाताला काम कमी नव्हते. रात्री-अपरात्री सरकारी टपाल पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, गावाची पडेल ती सेवा करायची. काय करायचे ते दुसऱ्याने ठरवायचे, हात तेवढे आपले. बाबासाहेबांनी १९२८ साली कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले ते याच गुलामीविरुद्ध. त्या जिण्यात सगळे काम होते, पण हौस नव्हती. हौसेला स्वतःचा वेळ लागतो आणि स्वतःची मर्जी लागते. आमच्या वडिलांना दोन्ही मिळाले नाही. आम्हाला ते मिळाले आहे, आणि ते चळवळीने मिळवून दिले आहे. म्हणून रविवारी दुपारी आम्ही हात काळे करतो तेव्हा आमची मान खाली जात नाही.

हा प्रश्न यंदा आमच्या घरातच उभा राहिला. आमची कन्या दहावी पास झाली आणि तिने मेकॅनिकल डिप्लोमाला जायचे म्हणून हट्ट धरला. नातेवाईक जमले. बँकेची परीक्षा द्यावी, नर्सिंगला जावे, अशा सूचना झाल्या. आमच्या थोरल्या आत्या कडाडल्या, "बाबासाहेबांनी आपल्या हातात लेखणी दिली आणि तू लेकीच्या हातात पाना देतोस व्हय रे?"

आम्ही काही बोलण्याआधी कन्याच म्हणाली, "आजी, ड्रॉइंग लेखणीनेच काढतात."

आत्या गप्प झाल्या, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. आयटीआय झालेली आपली किती तरी मुले कंत्राटी कामगार म्हणून फक्त मशीनमध्ये जॉब भरतात आणि काढतात. मुलीला तर शॉपमध्ये उभे राहण्यापासून झगडावे लागेल. पण मशीनपासून पळून यावर उपाय होणार नाही. जो आराखडा वाचतो, माप तपासतो, नवा आराखडा काढतो, त्याला डावलणे अवघड असते. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, आणि त्याबरोबरच सरकारी छापखान्यांत व रेल्वे वर्कशॉपमध्ये आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची मागणीही केली. त्यांनी लेखणी आणि हत्यार यांत भांडण लावले नव्हते. तथागतांनीही शेवटचे भोजन घेतले ते चुंद नावाच्या धातुकाम करणाऱ्याच्या घरी. काम करणाऱ्या हाताला धम्मात कमीपणा नाही.

कन्येचा अर्ज आम्ही भरला आहे. इतरांचे शेकडो अर्ज भरले, पण हा भरताना पेन जरा सावकाश चालले.

समाजबांधवांना एवढेच सुचवायचे आहे. विहाराच्या कपाटात पुस्तकांशेजारी एक व्हर्निअर, एक मायक्रोमीटर आणि ग्राफ पेपरची वही ठेवा. वस्तीत टर्नर, फिटर, मिस्त्री असलेले उपासक आहेतच. त्यांनी महिन्यातून एका रविवारी मुलामुलींना माप घ्यायला आणि चित्र काढायला शिकवावे. त्यातले सगळे इंजिनिअर होणार नाहीत. पण एखादी वस्तू पाहून 'ही कुणी आखली आणि अशीच का आखली' असा प्रश्न त्यांना पडू लागेल. असा प्रश्न पडलेला माणूस दुसऱ्याच्या आराखड्यावर आयुष्यभर निमूट राबत नाही.

जयभीम!