कडी दाखवा

2020च्या टाळेबंदीत हैदराबादचं महात्मा गांधी बस स्थानक बंद पडलं आणि गौलीगुड्यातल्या आमच्या गल्लीत शेजारच्या घरातलं सगळं ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यावर देगलूरकडून आलेली नवी सून होती. तेलुगू येत नव्हतं, हिंदी बेताची. रात्री आवाज यायचे. सकाळी विचारलं की म्हणायची, "काही नाही काकू, भांडं पडलं."

सरकारने माणशी 12 किलो तांदूळ द्यायला घेतला होता. नवरा त्या तांदळाच्या रांगेत गेला तेव्हा ती खाली आली. मी 100 नंबर लावला. थोड्या वेळाने एका महिला अधिकाऱ्यांचा फोन आला. आधी विचारलं, तो घरात आहे का? हा फोन कोणाचा? तो तपासतो का? मग माझ्याच फोनवर व्हिडिओ कॉल लावला. त्या तेलुगूत विचारत, मी मराठीत सांगे. पोरगी त्यांना म्हणाली, "मी पडले." मॅडमनी वाद घातला नाही. "बाही वर करा." मग म्हणाल्या, "खोलीत चला, दाराची कडी दाखवा."

आतली कडी उखडलेली, लाकडात स्क्रूची भोकं तेवढी उरलेली. बाहेरून मात्र नवी कोरी कडी.

"तिला तुमच्याच घरी ठेवा, गाडी पाठवते," मॅडम म्हणाल्या. पुढे तिने 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. आता माहेरी आहे.

इंग्लंडमधल्या केंट पोलिसांचा असाच प्रयोग मी नंतर वाचला. घरगुती हिंसाचाराच्या 517 तक्रारी. निम्म्या जणांना लगेच व्हिडिओ कॉल, निम्म्यांकडे नेहमीसारखे पोलीस. व्हिडिओवर सरासरी 3 मिनिटांत बोलणं व्हायचं, पोलीस घरी पोचायला जवळजवळ 33 तास. अटकाही वाढल्या. पण मारणारा तिथून निघून गेलेला आहे, अशाच तक्रारी त्यांनी घेतल्या होत्या. ही अट आपल्याकडे फार जपायला हवी. एका खोलीत चौघं राहतात, फोन नवऱ्याच्या हातात. त्याच्यासमोर घंटी वाजली तर तिलाच मार. कधी फोन करायचा ते तिने ठरवावं.

आणि पलीकडे तिची भाषा कळणारं कुणी हवं. हैदराबादेत 2016पासून अत्याचार झालेल्या बायका-मुलांसाठी भरोसा केंद्र आहे. अशा केंद्रांपाशी मराठी बोलणाऱ्या बायकांचे नंबर असावेत, असं मी आमच्या महिला मंडळात मांडलंय. यादीत पहिलं नाव माझं लिहिलंय.