निळी बाटली

पलसाणा, जि. सुरत
मार्गशीर्ष

चि. मुक्ता,

तुझा फोटो पोचला. मानहाइमच्या खोलीत टाकी लागली, त्यात गप्पी आले, खाली वाळू, कोपऱ्यात हिरवी वेल. फार बरं वाटलं. एका नराच्या शेपटीला कापसासारखं पांढरं धरलंय, ते मीही मोठं करून पाहिलं. तू विचारलंस, मामा आपल्या घरी टाकीत ते निळं काय घालायचा? फोनवर एका शब्दात सांगून झालं असतं: मिथिलीन ब्ल्यू. पण ही गोष्ट सुरू होते तुझ्या दाराशी, म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

तुझ्या गावातला राइनवरचा पूल ओलांडला की लुडविग्सहाफेन. तिथे पलीकडच्या काठाला बीएएसएफचा अवाढव्य कारखाना पसरलेला आहे, तो तू रोज बघत असशील. त्या कंपनीत हाइनरिश कारो नावाचे रसायनतज्ज्ञ होते. त्यांनी १८७६ साली दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या पदार्थांपासून हा निळा रंग तयार केला आणि १८७७ मध्ये त्याचं जर्मन पेटंट घेतलं. हेतू एकच, कापड रंगवणं. सुतावर तो नुसता टिकत नाही, आधी टॅनिनचा हात द्यावा लागतो, आणि उन्हात उडतो. आमच्या इकडे पलसाणा-कडोदऱ्याच्या मिलमध्ये साडी पॉलिएस्टरची. तिला डिस्पर्स रंग लागतात, बंद जेट मशिनमध्ये १३० अंशांवर. तिथे मिथिलीन ब्ल्यूचा काही उपयोग नाही. तरीही आमच्या लॅबच्या फळीवर त्याची बाटली कायम असते, ती का ते पुढे सांगतो.

कापडापेक्षा मोठं काम या रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली केलं. १८८२ साली रॉबर्ट कॉखनी क्षयाचे जंतू जगाला दाखवले, ते हाच रंग चढवून. पाउल एरलिश या डॉक्टरला तर या निळ्याने वेड लावलं होतं. जिवंत प्राण्याच्या अंगात तो टोचला तर नेमके मज्जातंतूच रंगतात, बाकीचं मांस तसंच राहतं, हे त्यांनी पाहिलं. मलेरियाच्या परजीवीलाही तो चांगला धरतो, हेही दिसलं. मग त्यांनी जो विचार केला तो मला आजही थक्क करतो. रंग जर नेमका जंतूलाच धरत असेल, तर तो जंतूला मारूही शकेल आणि माणसाला सोडून देईल. १८९१ साली बर्लिनमध्ये एरलिश आणि गुटमान यांनी मलेरियाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्ल्यू दिलं. दोघे बरे झाले. कारखान्यात तयार झालेला रंग माणसाच्या रोगावर औषध म्हणून वापरला गेला. अजून माणसाने अँटिबायोटिक हे नावही ऐकलेलं नव्हतं.

कोयनेलपुढे ते औषध टिकलं नाही. लघवी निळी-हिरवी होई, रोगी घाबरत. पण जर्मन रसायनतज्ज्ञांनी त्याच रेणूत फेरफार करत करत १९२०च्या दशकात पामाक्विन काढलं, आणि त्याचीच पुढची पिढी म्हणजे प्रायमाक्विन. तुला सातवीत असताना व्हायवॅक्स मलेरिया झाला होता, तेव्हा तापाच्या गोळ्या संपल्यावरही १४ दिवस एक गोळी चालू होती, आठवतं? तीच. आणि त्याआधी आरोग्य केंद्रात तुझ्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतला होता. त्या पट्टीला आपल्या देशातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत जेएसबी नावाचा रंग देतात. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या आपल्याच शास्त्रज्ञांनी तो १९४४ साली बसवला, आणि त्याचा मुख्य घटक मिथिलीन ब्ल्यू. तंत्रज्ञाने मला बोलावून भिंगातून दाखवलं होतं: फिकट रक्तपेशीत परजीवीचं अंग निळं, त्याचं केंद्र लाल. तुझ्या आजाराचं नाव त्या निळ्यानेच सांगितलं.

तुझ्या टाकीतले गप्पीही याच कथेतले आहेत. ते मूळचे त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचे. डासांच्या अळ्या खातात म्हणून जगभर नेले गेले. आपल्या गुजरातेत १९८३ पासून मलेरिया संशोधन केंद्राने खेडा जिल्ह्यात नडियादच्या बाजूला जे मोठं काम केलं, त्यात फवारणी बाजूला ठेवून डबकी बुजवणं, टाक्या झाकणं आणि पाण्यात गप्पी सोडणं यांवर भर होता. आपल्या घराचे पहिले गप्पी कुठल्या दुकानातले नव्हते. मलेरिया खात्याच्या कर्मचाऱ्याने चाळीच्या हौदात सोडलेल्यांपैकी काही तुझ्या मामीने कळशीतून उचलून काचेच्या टाकीत घातले. मादी एकदा फळली की साठवलेल्या बीजावर पुन्हा पुन्हा पिलं देते, त्यामुळे नंतर कधी विकत आणायची गरजच पडली नाही. आणि सुरतेत पालच्या मत्स्यालयात तुला नेलं तेव्हा एवढे मोठमोठे मासे सोडून तू विचारलं होतंस, यात आपले गप्पी कुठे आहेत.

आता मिलच्या बाटलीचं. रंगकामाचं सांडपाणी साफ करताना शेवटी सक्रिय कोळसा, म्हणजे कार्बन, वापरतात. माल चांगला आहे का हे तपासायची जुनी पद्धत अशी: ठरावीक कोळशात मिथिलीन ब्ल्यूचं द्रावण टाकायचं आणि तो किती निळं शोषतो ते मोजायचं. चंचुपात्रातलं गडद निळं पाणी हलवता हलवता फिकं होत जातं आणि चांगला कोळसा असेल तर शेवटी पार नितळ. हे मी आयुष्यभर केलंय, आणि तुझ्या टाकीला यातूनच एक गोष्ट कामाची आहे. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर औषध घालायच्या आधी तो काढ, नाहीतर औषध कोळशाच्या पोटात जाईल. उपचार संपल्यावर तोच परत घाल, उरलेलं निळं तो ओढून घेईल.

माशांवर ते कुठे चालतं? बुरशीवर, म्हणजे तुझ्या नराच्या शेपटीला जे दिसतंय त्यावर. अंडी घालणाऱ्या माशांच्या अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून. आणि एका विषबाधेवर, जी नवीन टाकीत सर्रास होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया निघतो, त्याचं जिवाणू नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ही साखळी बसायला तीन ते सहा आठवडे लागतात. तोवर नायट्राइट साचलं तर रक्त तपकिरी होतं, प्राणवायू वाहून नेत नाही, मासा पाण्याच्या वर येऊन तोंड उघडतो. अॅनिलिनच्या कारखान्यांत जुन्या काळी कामगारांचे ओठ निळे पडत, ते याच तऱ्हेच्या रक्तदोषाने, आणि त्यावर इस्पितळात आजही शिरेतून मिथिलीन ब्ल्यू देतात. रंगाच्या धंद्याने दिलेल्या दुखण्यावर रंगाच्याच धंद्यातलं औषध.

पण मुक्ता, माझं सगळ्यात स्पष्ट सांगणं हेच आहे की बाटली दुसऱ्या क्रमांकावर, पाणी पहिल्या. धडधाकट माशाला बुरशी सहसा लागत नाही. ती लागते जखमेवर, नाहीतर पाणी बिघडलं असेल तेव्हा. तेव्हा आधी अमोनिया आणि नायट्राइट तपासायची पट्टी आण. एक तृतीयांश पाणी त्याच तापमानाच्या ताज्या पाण्याने बदल. नळाला क्लोरिन असेल तर क्लोरिन मारणारं द्रावण घाल, आपल्याकडे आम्ही हायपोचे खडे वापरतो. खाणं निम्मं कर. दुसऱ्या माशांनी शेपूट कुरतडली आहे का तेही बघ, कारण दोन-तीन नर आणि एकच मादी असेल तर ते होणारच.

इतकं करूनही पांढरं वाढलं तरच औषध, आणि तेही मोठ्या टाकीत नको. हे निळं त्या साखळीतल्या जिवाणूंनाही मारतं, वेलीला मानवत नाही, आणि काचेच्या जोडांचं सिलिकॉन कायमचं निळं करतं. एक साधी बादली घे, त्यात टाकीतलंच पाणी, हवेचा पंप, आणि आजारी मासा एकटा. प्रमाण बाटलीच्या लेबलवर असेल तेच पाळ, जास्त नको. हातमोजे घाल, ओट्यावर सांडू देऊ नकोस, पोटात तर मुळीच नको. तोंडाभोवती पांढुरकी पट्टी दिसली तर ती बुरशी नसून कॉलम्नारिस हा जिवाणूंचा रोग असू शकतो. त्यावर हे औषध भरवशाचं नाही, तुमच्याकडच्या पशुवैद्याला दाखव. अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर तो आणखी वेगळा रोग. त्यावर मॅलाकाइट ग्रीन चांगलं चालतं, तोही एक रंगच, पण युरोपात खाण्याच्या माशांना तो द्यायला परवानगी नाही, म्हणून मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या बाटलीवरची सूचना नीट वाचून मगच घे.

आणि पिलं फार झाली तर राइनमध्ये किंवा ओढ्यात सोडू नकोस. हिवाळ्यात मरतील असं लोक म्हणतात, पण तुमच्याकडेच कोलोनजवळच्या गिलबाख नावाच्या ओढ्यात वीजकेंद्राच्या कोमट पाण्यामुळे गप्पींची वस्ती झालेली आहे. इथल्या ओढ्या-तलावांतही तेच. डास खातो म्हणून सोडलेला मासा मूळच्या छोट्या माशांची अंडी-पिलंही खातो. हौदात सोडणं वेगळं, मिंढोळा नदीत सोडणं वेगळं, हे आता इथेही लोकांना सांगावं लागतं. कुणाला हवे असतील त्यांना दे, किंवा दुकानात परत नेऊन दे.

तुझी आई नंदुरबारहून रविवारी येते आहे. तिच्या फोनवर टाकीचा ताजा फोटो आणि पट्टीवर आलेले आकडे पाठव. आकडे बघितल्याशिवाय बाटली उघडू नकोस.

तुझा,
मामा