चिनीमातीच्या नर्तकी

महाविद्यालयात शिकणारी आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी गेल्या उन्हाळ्यात एक इंग्रजी कादंबरी आमच्या हाती देऊन गेली. ‘फादर, यातल्या धर्मगुरूकडे लक्ष ठेवा,’ एवढेच ती म्हणाली. नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) ही ती कादंबरी.

एनुगू शहरातील युजीन हे कट्टर कॅथलिक गृहस्थ. कारखान्यांचे मालक, सढळ हाताचे दाते, लष्करी राजवटीविरुद्ध निर्भयपणे लिहिणाऱ्या वृत्तपत्राचे प्रकाशक. असा धर्मग्रामस्थ कोणत्या धर्मगुरूला नको असेल! घरी मात्र मुलांचा प्रत्येक तास त्यांनी आखलेल्या वेळापत्रकाला बांधलेला. गर्भवती पत्नी बिअ‍ॅट्रिस एका रविवारी मिस्सानंतर, मळमळते म्हणून, धर्मगुरूंच्या भेटीला न येता मोटारीतच थांबू इच्छिते. अपराध एवढाच. पुढे बंद दाराआड मारहाण होते, गर्भ जातो. आणि मुलांना सोळा नोव्हेना म्हणाव्या लागतात, कशासाठी, तर आईला क्षमा मिळावी म्हणून! येथे आम्ही पुस्तक मिटून ठेवले. दोन दिवस उघडले नाही.

मार खाल्ल्यावर बिअ‍ॅट्रिस काही बोलत नाही. दिवाणखान्यातील चिनीमातीच्या बोटभर नर्तकी ती एकेक करून पुसत बसते. मुलाने झावळ्यांच्या रविवारी ख्रिस्तप्रसाद घेतला नाही म्हणून युजीन जाडजूड मिस्साग्रंथ भिरकावतात, तेव्हा त्याच नर्तकी फुटतात.

युजीनला राक्षस रंगविणे सोपे होते. लेखिकेने ते टाळले आहे. मुलीच्या पायांवर कढत पाणी ओतताना हा बाप स्वतः रडतो. लहानपणी, ज्या धर्मगुरूंकडे तो राहत होता त्यांनी त्याचेही हात असेच गरम पाण्यात बुडविले होते. त्याची विधवा बहीण इफेओमा न्सुक्का येथे विद्यापीठात शिकविते. तिच्या घरी पैशांची चणचण आहे, जपमाळही आहे. पण मुले तेथे आईशी वाद घालतात, खळखळून हसतात.

राहिले फादर बेनेडिक्ट. आपल्या प्रवचनांत ते पोपमहोदय, युजीन आणि प्रभू येशू यांचे दाखले देतात, तेही याच क्रमाने. आम्हाला हसू आले. ते फार वेळ टिकले नाही.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात मंदिराच्या छपरासाठी मोठी देणगी देणाऱ्या एका गृहस्थांची आम्ही सणाच्या मिस्सात जाहीर स्तुती केली होती. त्यांच्या घरी जेवावयास गेलो की त्यांच्या पत्नी वाढीत, कधी बसत नसत. तो आम्हाला विनय वाटला. एका संध्याकाळी त्या कार्यालयात आल्या. ‘फादर, ह्यांचा राग फार आहे हो.’ आम्ही त्यांना एफेसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचून दाखविला, पत्नींनी पतीच्या अधीन असावे तेथपासून. त्याच्या लगेच वरचे वचन एकमेकांच्या अधीन होण्याविषयीचे आहे. ते आम्ही वाचले नाही. बाईंनी मान डोलावली, पदर सारखा केला आणि त्या गेल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

ते गृहस्थ आता हयात नाहीत. पुस्तक वाचून झाल्यावर आम्ही बाईंना भेटावयास गेलो. त्या समोर बसल्या, नातवंडांविषयी बोलल्या. आम्ही तासभर होतो. जे बोलावयास गेलो होतो, ते निघताना दारात कसेबसे बोललो. त्या म्हणाल्या, ‘फादर, तुम्हाला आठवतंय ते?’