भरल्या पोटी घेरी

आमच्या मोहल्ल्यात कुणाला घेरी आली की एकच इलाज ठरलेला : "उपाशी असेल, साखर खाऊ घाला." आमच्या आपाला मात्र घेरी यायची ती जेवणानंतर. शादीत बिर्याणीवर जर्दा खाल्ला की दीड-दोन तासांत दरदरून घाम, हातांना कंप, बोलणं असंबद्ध. एकदा तर ती पेटत्या चुलीजवळच कोसळली. कुणी नजर लागली म्हणे, कुणी "पोट कापून घेतल्याची सजा" म्हणे. वजनापायी गुडघे निकामी झालेल्या बाईने बायपासची शस्त्रक्रिया करून घेतली, यात गुनाह कसला?

उपाशीपोटी रक्त तपासलं तर साखर नॉर्मल. मग "वहम आहे" असा शिक्का बसला. अखेर घेरीच्या वेळीच बोट टोचलं, तेव्हा आकडा निघाला 48.

वर्गात फळ्यावर मेदा, आंत आणि लबलबा काढून शिकवणारे आम्ही. डॉक्टरांचं म्हणणं अम्मीला त्याच चित्राने समजावलं. शस्त्रक्रियेनंतर मेद्याची लहानशी थैली उरते. गोड अन्न थेट आतड्यात उतरतं, रक्तातली साखर झपाट्याने चढते. आतड्यातले हार्मोन लबलब्याला, म्हणजे स्वादुपिंडाला चेतवतात, गरजेहून जास्त इन्सुलिन सुटतं आणि एक ते तीन तासांत साखर कोसळते. हा त्रास बहुधा शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 2005 मध्ये अशा 6 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली होती.

आता आपा थोडं थोडं, अनेकदा खाते. आधी अंडं, डाळ, गोश्त, भात नावापुरता. साखर उतरली तर 15 ग्रॅम ग्लुकोज मोजून, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग प्रथिनांचं काही. मूठभर मिठाई दिली तर तेच चक्र पुन्हा सुरू. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना.

रमजानमध्ये रिकाम्या पोटी खजूर आणि सरबत तिच्यासाठी धोक्याचेच. डॉक्टरांनी रोजे मना केले, तेव्हा ती रडली. मरीजाला दीनने सवलत दिली आहे, हे तिलाही ठाऊक आहे. तिला भीती आहे ती "रोजा का नाही?" विचारणाऱ्या नजरांची. मोहल्ल्यातल्या भाई-बहिणींनो, ही सवलत देणं तरी आपल्या हाती आहे ना?