दूध डेअरीला, चहा पोरीला

वारणानगर-कोडोली भागातल्या अकरावी-बारावीच्या पोरी माझ्याकडे आहाराच्या सल्ल्याला येतात त्या बहुधा कॉलेजात चक्कर आली म्हणून. मी आधी विचारते, घरी दूध किती निघतं?

"दोन म्हशी हाईत. सात-आठ लिटर."

"आणि तू किती पितेस?"

पोरगी आईकडं बघते. आई म्हणते, "चहात असतंय की!"

तात्यासाहेब कोरेंनी साखर कारखान्यापाठोपाठ १९६८ साली इथं दूध संघ उभा केला. दर दहा दिवसांचं दूधबिल घरात आलं, की त्यातून वाण्याची उधारी आणि पेंडसुद्धा निघते. म्हणून 'डेअरीचं दूध मोडायचं नाही' हा नियम कुणी सांगावा लागत नाही. त्या आईला दोष देणं मला जमत नाही. मात्र त्याच घरातला थोरला तालमीत जात असला, तर त्याचा तांब्या आधी बाजूला काढतात, तेव्हा बिल आडवं येत नाही.

खरं तर दुधात लोह नावापुरतंच असतं. चक्कर थांबवायला मटकी, हिरव्या पालेभाज्या, वर पिळलेलं लिंबू हेच कामाचं. जेवणाला लागून घेतलेला चहा तर अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तरी मी दुधाचं विचारते, कारण घरात कुणाच्या वाट्याचं मोजून ठेवतात ते त्या उत्तरात कळतं. रविवारच्या मटणाचंही तेच, पोरीला रस्सा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला रोज २२ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, मुलीला ३०. ताटात नेमकं उलटं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या, मुलगे ३१.१ टक्के.

बोलून दाखवलेले नियम वेगळेच. "बाहेरचं खायचं नाही" हा पहिला. सांगणारे वडील स्वतः कारखान्याच्या पाळीवरून येताना वडा खाऊन येतात, आणि पोरांना तो वास कळतो! लीॲन बर्च या अमेरिकी संशोधिकेनं १९९९ मध्ये लहान मुलांवर प्रयोग केले होते. समोर दिसणारा एखादा खाऊ अडवून धरला, की मुलांचं लक्ष त्याच्यावरच खिळायचं. माझ्याकडची पोरं वयानं मोठी, पण गत तीच. सकाळी उपाशीपोटी एसटी पकडायची आणि मधल्या सुट्टीत स्टँडवर दोन वडे हाणायचे. त्यांना वडा बंद करायला मी सांगत नाही, घरातून भाकरी खाऊन निघायला सांगते. पोट भरलेलं असलं, की दोनाचा एक होतो.

मघाच्या त्या पोरीला गोळ्या लिहून आणायला डॉक्टरांकडं पाठवलं. चहा जेवणानंतर तासाभरानं, असं आईला बजावलं आणि दुधाचा एक पेलाही मागितला, हाडांसाठी. बाई बराच वेळ हिशेब करत बसली.

"सकाळचं देते," ती शेवटी म्हणाली. "सांजचं नको. त्याला फॅट चांगली लागती."